डायलिसिसच्या प्रतीक्षाकक्षातून: आशा धरणे म्हणजे नेमके काय करणे?

अजनीकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. या मंचावर मी बरीच वर्षे केवळ वाचक आहे. धागा काढण्याची ही पहिलीच वेळ. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली आणि पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याला सव्वादोन वर्षे होतील. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस आम्ही पहाटे पाच वाजता घर सोडतो. सहाच्या पाळीत तिला यंत्रावर घेतात आणि चार तासांनी सोडतात. ते चार तास प्रतीक्षाकक्षातील खुर्चीवर बसून जे मनात साचत गेले ते एकदा नीट मांडावे आणि जाणत्यांकडून समजून घ्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत आणि नागपूरच्या सदर नावाच्या भागातील एका मंडळीत रविवारच्या उपासनेला जातो. आजार कळल्यापासून आम्हाला दोन प्रकारचे बोल ऐकावे लागले. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी सांगितले की विश्वास पूर्ण असेल तर ती खडखडीत बरी होईल, आणि तसे झाले नाही तर विश्वासात कुठेतरी उणीव आहे असे समजावे. दुसरीकडे आमच्याच नात्यातील एकाने मला बाजूला घेऊन सांगितले की आता ओढत बसू नका, देह थकला आहे, यातून काही निष्पन्न होणार नाही. दोघेही मनाचे वाईट नाहीत. तरीही दोघांच्या बोलण्याने मला सारखीच इजा झाली, आणि ती का झाली हे समजायला फार दिवस लागले. दोघांनाही शेवट आधीच ठाऊक होता. एकाला तो गोड दिसत होता आणि दुसऱ्याला कडू. आम्ही ज्या मधल्या वाटेवर रोज चालत होतो तिच्याकडे पाहायला दोघांनाही सवड नव्हती.

गेल्या मे महिन्यातील एका रात्रीविषयी सांगतो. नागपूरचा उन्हाळा मी आपल्याला काय वर्णावा. पारा पंचेचाळीसच्या पुढे, कूलरचीही हवा गरम. तिला दिवसभरात एक लिटरच पाणी घेण्याची मुभा आहे, आणि चहा, डाळ, औषधाबरोबरचा घोट हे सारे त्यातच धरायचे असते. सकाळी मी एक बाटली भरून ठेवतो आणि दिवसभर पत्नी त्या बाटलीकडे पाहत असते. त्या मंगळवारी यंत्रावर असतानाच तिचा रक्तदाब फार खाली गेला, पायांत गोळे आले, आणि घरी आणल्यावर ती संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रात्री ती एवढेच म्हणाली, "गुरुवारी मला नेऊ नका."

मला उत्तर सुचले नाही. नेहमीच्या धीराच्या ओळी वाचायला जीभ उचलेना. म्हणून मी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र काढले. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात; हे वळत नाही, ते अंधारातच संपते. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "पुढे काहीच नाही?" मी म्हणालो, "नाही, इथेच संपते." "मग बरे आहे," असे म्हणून ती झोपली. शास्त्रात आपल्यासारखे बोलणारा कोणीतरी आहे आणि त्याला कोणी गप्प केले नाही, याचाच तिला आधार वाटला असावा.

बुधवारी सकाळी तिने मला तीन किलो कैऱ्या आणायला सांगितले. मी चकित झालो, कारण मिठाचे पदार्थ तिला वर्ज्य आहेत आणि लोणच्याची फोड तिने दोन वर्षांत तोंडात घातलेली नाही. तरीही तिने पाटावर बसून, डाव्या हाताला जपत, कैऱ्या चिरून घेतल्या, मोहरीची डाळ, मेथी आणि हिंग मोजून घातले, तेल कडवून निववले, आणि सारे चिनीमातीच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला कापडाचा दादरा बांधला. दोरीची गाठ मारताना म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चांगले मुरेल." गुरुवारी पहाटे साडेचारला मी उठलो तेव्हा ती तयार होऊन खुर्चीत बसली होती. मी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही.

माझा प्रश्न इतकाच आहे. मंगळवारची रात्र आणि गुरुवारची पहाट यांच्यामध्ये नेमके काय घडले? तिच्या रक्ताच्या तपासणीतला एकही आकडा बदललेला नव्हता. यालाच ख्रिस्ती आशा म्हणावे काय? आणि ती माणसाने निवडायची असते, की ती देवाकडून येते?

शांतिसदन

अजनीकर साहेब, नमस्कार. मी अनेक वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आपण प्रश्न विचारला आहे खरा, परंतु आपण सांगितलेल्या बरणीतच त्याचे बरेचसे उत्तर आहे असे मला वाटते.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय पुन्हा काढून पाहावा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. यिर्मया स्वतः राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा गुन्हा हाच की नगर पडणार हे त्याने उघड सांगितले. म्हणजे परिस्थितीविषयी त्याच्या मनात कोणताही गोड गैरसमज नाही. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो की अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातील शेत! यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सही करून मोहोर लावतो, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो की या मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

मातीचे भांडे, आणि पुष्कळ दिवस. आपल्या पत्नीने दादऱ्याची गाठ मारताना हेच केले.

या अध्यायातील एका बारकाव्याकडे आम्हा शिकवणाऱ्यांचेही बऱ्याचदा दुर्लक्ष होते. व्यवहार पुरा झाल्यानंतर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेचा शेवट गोंधळलेल्या माणसाचा आहे: नगर तर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती चालले आहे, आणि तरीही तू मला पैसे देऊन शेत घे म्हणतोस! सही आधी झाली आणि मनाची तक्रार नंतर आली. मन पूर्ण निवल्यावर, शंका फिटल्यावर, मगच आशेचे कृत्य करायचे असे जर ठरवले असते तर ते खत कधीच लिहिले गेले नसते. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की आशेचे वचन देवाकडून येते आणि सही आपल्याला करावी लागते. सही करताना हात कापला म्हणून खत खोटे ठरत नाही.

पुढे नगर पडलेच. यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले आणि त्या शेतात त्याने नांगर धरल्याचा कोठेही उल्लेख नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण विश्वास ठेवला की शेत मिळतेच असे शिकवणारे उपदेशक आपल्याकडे वाढले आहेत, आणि आपल्याला मंडळीत जे ऐकावे लागले ते त्याच शिकवणीचे फळ आहे. त्याबद्दल, त्या मंडळीचा नसलो तरी, मी आपली क्षमा मागतो.

काटोल_बागाईतदार

मी ख्रिस्ती नाही. घरात माळकरी परंपरा आहे. तरी धागा दोनदा वाचला आणि लिहिल्यावाचून राहवेना.

कॉलेजात असताना एका ख्रिस्ती मित्राच्या घरी प्रार्थनेला बसलो होतो. तेथे बायबलमधील पौल या प्रेषिताच्या पत्रातील एक भाग वाचला गेला: संकटाने धीर येतो, धीराने शील घडते आणि शीलाने आशा निर्माण होते. त्या वेळी मला ते एकदम पटले, कारण आमच्या संत्र्याच्या बागेत हेच चालते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आम्ही डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवख्याला वाटते झाड गेले. मग हलके पाणी सुरू केले की फांदी पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ताण नीट बसला नाही तर फूल येत नाही, नुसती पालवी फुटते.

परंतु बागेत वीस वर्षे काढल्यावर दुसरी बाजूही कळली. हलक्या भरकाड जमिनीत ताण थोड्या दिवसांत बसतो, भारी काळ्या जमिनीत महिन्यापेक्षा जास्त लागतो. एकच मोजमाप सगळ्या झाडांना लावले तर नुकसान होते. आणि आधीच डिंक्या रोगाने पोखरलेल्या झाडाला ताण दिला तर बहार येत नाही, सल पडते, आणि फांदीमागून फांदी वाळत जाते. त्या झाडाला कोणी म्हणत नाही की तू धीर धरला नाहीस.

आमच्या शेजारच्या गावात एका ओळखीच्या शेतकऱ्याने जीवन संपवले. त्या वर्षी पहिली पेरणी उलटली, दुबार पेरणी केली, तीही पावसाने दगा दिल्याने गेली. मी त्यांना घटनेच्या आठ दिवस आधी बाजारात भेटलो होतो. ते हसून बोलले होते, आणि मला त्या हसण्यात काहीच दिसले नाही याचे ओझे आजही उतरलेले नाही. आशा निवडावी असे आपण म्हणता, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते उभे राहतात. ज्यांना निवडता आली नाही त्यांच्याविषयी आपला धर्म काय सांगतो? हे मी वादासाठी विचारत नाही.

वॉर्डातली_ताई

मी नागपुरात परिचारिका आहे, डायलिसिस विभागात आठ वर्षे काम केले आहे, आणि काटोलच्या दादांच्या प्रश्नाला आधी माझ्या कामाच्या बाजूने उत्तर देते.

तीव्र नैराश्य हा आजार आहे. त्याला औषध आहे, उपचार आहेत. मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांमध्ये तो वरचेवर आढळतो, आणि "मला नेऊ नका" हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. अजनीकर काका, काकूंनी लोणचे घातले याचा मला मनापासून आनंद झाला, तरीही ते वाक्य पुन्हा आले तर आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना त्याच दिवशी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागून घ्या. त्यात विश्वासाचा कमीपणा नाही. कोणाच्याही घरी असा प्रसंग असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आता श्रद्धेच्या बाजूने. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, ही गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. त्याला मिळालेले पहिले उत्तर पाहा. देवदूत त्याला उपदेश करीत नाही, विश्वासाचा हिशोब मागत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि उशाशी पाण्याचा चंबू. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा जेवू घालतो, आणि म्हणतो की वाट तुला झेपण्यासारखी नाही. आमच्या वॉर्डात नवीन मुली येतात तेव्हा मी त्यांना हे सांगते, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला की आधी त्याचा रक्तदाब पाहा, तो जेवला काय ते विचारा, त्याची उशी सरळ करा.

दादा, आपल्या ओळखीच्या त्या शेतकऱ्यांना कोणी त्या वेळी भाकर दिली नाही. हा दोष त्यांचा नव्हता, आणि आठ दिवस आधी हसणारा माणूस पाहून आपल्याला काही कळले नाही हा दोष आपलाही नव्हे.

शांतिसदन

ताईंनी योग्य तेच सांगितले. काटोलच्या बागाईतदारांना मी एवढेच जोडतो की पौलाने ते वाक्य "आम्ही" असे म्हणून लिहिले आहे. मार खाल्लेला, कैद भोगलेला माणूस स्वतःविषयी बोलत आहे. तेच वाक्य "तुम्ही" करून दुसऱ्याच्या दुःखावर ठेवले की ते बदलते, आणि आम्ही व्यासपीठावरचे लोक ही चूक वारंवार करतो. जे गेले त्यांचा न्याय करण्याचे काम आम्हाला दिलेले नाही. वधस्तंभावर स्वतः येशूनेच "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे विचारले, आणि मंडळीने ते वाक्य शुभवर्तमानातून वगळले नाही. ज्यांच्या तोंडी शेवटी तेवढाच प्रश्न राहिला ते त्याच्यापासून दूर होते असे मी कधीही म्हणणार नाही.

धरमपेठ_वाचक

विषय आपल्या शहराशी किती जवळचा आहे हे सांगावेसे वाटते. ज्यांच्या नावाने आपल्याकडे हिस्लॉप कॉलेज आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. भूगर्भशास्त्रातही त्यांचे मोठे काम आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचेही नव्हते. महाविद्यालय सुरू झाले १८८३ मध्ये, म्हणजे बरोबर वीस वर्षांनी. ज्या वास्तूत नागपूरच्या पिढ्या शिकल्या ती त्यांनी पाहिलीच नाही. यिर्मयाच्या शेताविषयी वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

दुसरी आठवण पंडिता रमाबाईंची. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. ज्या भुकेने स्वतःचे घर गिळले, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या मुली ओढून काढल्या. अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी ते हातावेगळे केले. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत प्रत्येक सकाळी मेजाशी बसताना त्यांच्या मनात काय असेल, याचा मी अनेकदा विचार करते. त्या दिवसांत आनंद होता असे मला वाटत नाही. त्या बसत होत्या, एवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे.

इंदोरा_निवासी

जय भीम. आमच्या घराने १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसह धम्म स्वीकारला, म्हणून मी वेगळ्या जागेवरून विचारतो. राग मानू नये.

आम्हाला शिकवण आहे की दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि ते कारण तृष्णा आहे. असे व्हावे, तसे होऊ नये, अशी जी मनाची ओढ, तीच माणसाला जाळते. माझी आई कर्करोगाने गेली. शेवटच्या महिन्यांत आम्ही तिला काहीही व्हावे म्हणून धडपडणे थांबवले, तेव्हाच तिचा चेहरा शांत झाला हे मी डोळ्यांनी पाहिले. आशा हेसुद्धा तृष्णेचेच सभ्य नाव नाही काय? काकूंची प्रकृती बिघडली, तर पुढच्या उन्हाळ्याकडे लावलेला हा डोळा आपल्या दोघांना अधिक यातना देणार नाही काय?

शांतिसदन

प्रश्न खोल आहे आणि त्याचा मान राखून मी थोडा थांबतो. अजनीकर साहेबांनी आधी बोलावे. ते रोज त्या खुर्चीवर बसतात.

अजनीकर (धागाकर्ता)

उत्तराला चार दिवस लागले, कारण मला हे एकट्याने लिहायचे नव्हते. शनिवारच्या पाळीनंतर तिला झोप लागली. रविवारी उपासनेहून आल्यावर मी सगळा धागा तिला वाचून दाखवला. यिर्मयाची गोष्ट आली तेव्हा ती हसली. म्हणाली की लोणचे घालताना तिच्या मनात यिर्मया वगैरे काही नव्हते, घरातली बरणी रिकामी झाली होती आणि नातू पोळीबरोबर लोणचे मागतो, एवढेच होते. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण बरणी रिकामी आहे हे मला महिनाभर दिसत होते. भरावीशी त्याच दिवशी वाटली."

इंदोऱ्याच्या बंधूंच्या प्रश्नावर ती बराच वेळ काही बोलली नाही. तिने डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला उजव्या हाताची बोटे ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डायलिसिससाठी हातातील शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो चालू असेल तर बोटांखाली मांजराच्या घुरघुरण्यासारखी बारीक थरथर लागते, आणि ती आहे की नाही हे रोज पाहायचे असते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती पाहते, आणि मग माझा हात ओढून मलाही पाहायला लावते. त्या वेळी आम्ही प्रार्थना करतो. सव्वादोन वर्षांत एकही रात्र चुकलेली नाही.

आता जे लिहितो ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव आहे. मी तिला देऊ शकत नाही, मला मधुमेह आहे. मुलांकडून घ्यायला ती तयार नाही. म्हणजे मूत्रपिंड आलेच तर ते अशा कोणाचे तरी येईल ज्याच्या घरी त्या दिवशी मृत्यू झालेला असेल. नाव नोंदवले त्या रात्री मी मोठ्याने प्रार्थना करू लागलो की प्रभू, लवकर मिळू दे, आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "असे मागू नका. आपण काय मागतो आहोत ते तरी पाहा." तेव्हापासून ती मूत्रपिंड मागत नाही. नागपुरात किंवा कोठेही, ज्या घरावर तो दिवस येणार आहे त्या घरासाठी ती आतापासून प्रार्थना करते: की त्या माणसाला त्यापूर्वी पुष्कळ वर्षे मिळावीत, तो दिवस आलाच तर त्याच्या माणसांना आधार मिळावा, आणि त्या घरात कोणी एकटे राहू नये. त्यांचे नाव तिला ठाऊक नाही. कदाचित असे कोणी नसेलही.

बंधू, मला तत्त्वज्ञान येत नाही. तृष्णा जाळते हे आपण म्हणता ते मी स्वतः भोगले आहे. त्या रात्रीची माझी प्रार्थना तृष्णाच होती. तिची प्रार्थना तृष्णा आहे असे मला म्हणवत नाही. गेथशेमाने बागेत येशूने आधी मागितले की हा प्याला टळून जावो, आणि मग म्हणाला की माझ्या इच्छेप्रमाणे नको. मागणे त्याने लपवले नाही आणि धरूनही ठेवले नाही. आपल्या आईचा चेहरा शांत झालेला आपण पाहिला. कदाचित आपण दोघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी पाहिली असेल. फरक माझ्यापुरता एवढाच की तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणून माझ्या दृष्टीने प्रतीक्षायादीतले पुढचे नाव मृत्यूचे असले तरी यादी तेथे संपत नाही. हे मला सिद्ध करता येणार नाही. कबरेकडे गेलेल्या त्या स्त्रियांनाही पहाटे निघताना ते ठाऊक नव्हते; त्या सुगंधी द्रव्ये घेऊन एका मृत देहाची शेवटची सेवा करायला निघाल्या होत्या, आणि धोंड कोण लोटील हेसुद्धा त्यांनी ठरवलेले नव्हते. तरी त्या निघाल्या. आम्ही पाच वाजता घर सोडतो तेव्हा मला बऱ्याचदा त्याच आठवतात.

ताई, आपला सल्ला मानला. मानसोपचारतज्ज्ञांची येत्या बुधवारची वेळ घेतली आहे. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

इंदोरा_निवासी

काका, वाचले. उत्तर मिळाले असे म्हणणार नाही, पण प्रश्न विचारल्याचे समाधान आहे. आमच्या आईचे नेत्रदान केले होते. ज्यांना मिळाले त्यांचे नाव आम्हालाही कळलेले नाही. काकूंना सांगा की त्या बाजूच्या घरातही कधी कधी कोणी बसून विचार करीत असते.

काटोल_बागाईतदार

त्या शेतकऱ्यांच्या पत्नींविषयी मी आधी लिहिले नव्हते. पुढच्या मृगात त्यांनी स्वतः तूर आणि कपाशी पेरली. तिफण आमची होती, बैल दुसऱ्या एकाचे. बांधावर उभ्या राहून त्या मला म्हणाल्या होत्या की पेरले नाही तर पोरांना वाटेल सगळेच संपले. त्या देवाचे नाव फारसे घेत नाहीत. आज हा धागा वाचून त्यांना फोन केला. तीन महिने केला नव्हता.

अजनीकर साहेब, हिवाळ्यात बागेची एक पेटी आपल्याकडे पाठवावी असे मनात होते. काकूंना संत्रे चालते काय?

वॉर्डातली_ताई

दादा, संत्र्यात पोटॅशियम असते, डायलिसिसच्या रुग्णाला ते सहसा बंद असते. काकूंनी आपल्या आहारतज्ज्ञांना विचारल्यावाचून एक फोडही खाऊ नये.

अजनीकर (धागाकर्ता)

ताई म्हणतात ते खरे आहे, तिला बंद आहे. तरीही आपण पेटी अवश्य पाठवा. थंडीत नातवंडे आली की ती त्यांना स्वतः सोलून देते, शिरा काढून, बिया काढून, आणि सगळ्यांची खाऊन झाली की साल हातात घेऊन बसते. तिच्या बोटांना रात्री फिस्टुला पाहतानाही तो वास असतो.

उद्या मंगळवार आहे. गजर साडेचारचा लावला आहे.